हद्द ठरली, कचेरी कुठे?

महाराष्ट्रात नवी ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत अस्तित्वात येते ती राजपत्रातल्या अधिसूचनेने. तीत गावांची नावे असतात, हद्दी असतात, अंमल कोणत्या तारखेपासून हे असते. निवडणूक होईपर्यंत कारभार कोण पाहील हेही ठरते. पैशाविषयी मात्र ओळ नसते. पहिली सभा कुठे भरवायची, कर आकारणीचा नमुना आठ कोणत्या कपाटात ठेवायचा, दाखल्यासाठी आलेल्या म्हातारीने कुठे बसायचे, हे सारे त्या कागदाच्या बाहेर राहते. मग कारभार शाळेच्या रिकाम्या खोलीत, समाजमंदिरात किंवा भाड्याच्या ओटीवर सुरू होतो आणि दप्तर ग्रामसेवकाच्या पिशवीतून फिरते.

स्थानिक संस्था निर्माण करण्याचा निर्णय आणि तिला घर, जमीन, पाणी-गटाराची ऐपत देण्याचा निर्णय हे दोन वेगळे निर्णय आहेत, असे आपण अनेक दशके मानत आलो. ही विभागणी चुकीची आहे असे मला ठामपणे वाटते. पहिल्या निर्णयाचे श्रेय लगेच मिळते, दुसऱ्याचा खर्च पुढच्या सरकारवर, पुढच्या जिल्हा नियोजन समितीवर किंवा थेट त्या नव्या गावावर जाऊन पडतो. त्यामुळे मागणी जोरात मान्य होते आणि तरतूद मागे राहते.

राज्याच्या नकाशावरून या वाढीचा वेग लक्षात येतो. 1960 मध्ये महाराष्ट्रात 26 जिल्हे होते, आज 36 आहेत. 1981 मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, 1982 मध्ये लातूर आणि गडचिरोली, 1990 मध्ये मुंबई उपनगर, 1998 मध्ये वाशीम आणि नंदुरबार, 1999 मध्ये हिंगोली आणि गोंदिया, 2014 मध्ये पालघर. मुंबई उपनगर सोडले तर प्रत्येक नव्या जिल्ह्याबरोबर नवी जिल्हा परिषद आली. 26 जून 1999 रोजी त्र्यंबकेश्वर आणि देवळ्यासारखे कितीतरी नवे तालुके झाले आणि त्यांच्याबरोबर पंचायत समित्याही. ग्रामपंचायतींची संख्या 27 हजारांच्या पुढे आहे आणि वाड्या, पाडे, तांडे यांच्या स्वतंत्र ग्रामपंचायतीच्या मागण्या कायम चालू असतात. त्या मागण्या अनाठायी नाहीत. पावसाळ्यात ओढा ओलांडून ज्यांना ग्रामसभेला जावे लागते, त्यांना आपली पंचायत जवळ हवी असणे अगदी स्वाभाविक आहे.

जिल्ह्याच्या पातळीवर इमारतीचा प्रश्न कसा सुटतो, याचे सर्वात ठळक अलीकडचे उदाहरण पालघर. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून हा जिल्हा वेगळा झाला आणि कार्यालये मिळेल त्या जागेत विखुरली. सरकारने तोडगा काढला तो जमिनीतून. पालघर-बोईसर रस्त्यालगत कोळगाव आणि आसपासच्या गावांत दुग्धविकास विभागाची मोठी जमीन होती. त्यातली सुमारे 440 हेक्टर सिडकोकडे देण्यात आली. सिडकोने त्यातल्या काही भागावर जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक आणि इतर खात्यांच्या इमारती बांधून द्यायच्या आणि उरलेल्या जमिनीवर नवे शहर वसवून, भूखंड विकून तो खर्च भरून काढायचा, असा हा व्यवहार. ऑगस्ट 2021 मध्ये मुख्यालयाचे उद्घाटन झाले. जिल्हा होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

या पद्धतीत शहाणपण आहे. तिजोरीतून मोठी रक्कम एकदम काढावी लागली नाही आणि इमारती एका आवारात, चांगल्या दर्जाच्या झाल्या. पण ती कुठे चालते हेही पाहायला हवे. पालघर मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर आहे, म्हणून तिथल्या भूखंडाला गिऱ्हाईक आहे. हिंगोलीत किंवा गडचिरोलीत 400 हेक्टर सरकारी जमीन दिली तरी तीवर शहर वसवून कचेऱ्यांचा खर्च काढायला कोणी पुढे येणार नाही. ज्या भागाला मदतीची सर्वात जास्त गरज, तिथेच ही युक्ती लंगडी पडते. शिवाय जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातून येणाऱ्या माणसाला पालघरमध्ये उतरून पुन्हा काही किलोमीटर वाहन शोधावे लागते. जमिनीची उपलब्धता जागा ठरवते, माणसांची ये-जा ठरवत नाही.

सिंधुदुर्गनगरीचा धडा थोडा वेगळा आहे. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या कोणत्याच गावाला झुकते माप न देता ओरोसच्या माळावर नवे मुख्यालय वसवायचे ठरले. इमारती झाल्या, न्यायालय आले, जिल्हा परिषद आली. गाव मात्र फार संथपणे वसले, कारण बाजार, शाळा आणि संध्याकाळची वर्दळ कुडाळ-कणकवलीतच राहिली. नुसत्या कचेऱ्यांनी शहर होत नाही, हे तिथे गेलेला कोणीही पाहू शकतो.

जिल्ह्यांचा विषय इथेच सोडतो, कारण मंत्र्यांचे लक्ष असल्यामुळे जिल्हा मुख्यालयाला उशिरा का होईना पैसा मिळतो. खरी आबाळ होते ती सर्वात खालच्या पायरीवर.

ग्रामपंचायतीच्या इमारतीसाठी पैसा कुठून येतो, हे शोधायला बसले की एक दोर हाती लागत नाही, धाग्यांचा गुंता लागतो. जिल्हा वार्षिक योजनेतले जनसुविधा अनुदान आहे, त्यातून स्मशानभूमीही करायची आणि ग्रामपंचायत भवनही. मोठ्या गावांसाठी नागरी सुविधा आहे. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांसाठी 2515 हे लेखाशीर्ष आहे. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी आहे. ग्रामपंचायतींच्याच वर्गणीतून उभा राहिलेला जिल्हा ग्रामविकास निधी आहे, त्यातून कर्ज मिळते. रोजगार हमीतून राजीव गांधी सेवा केंद्रे बांधायला 2009 नंतर मुभा मिळाली. केंद्राच्या राष्ट्रीय ग्रामस्वराज अभियानातही पंचायत भवनाचा घटक आहे. 2022-23 ते 2025-26 या काळासाठी त्या अभियानाचा आराखडा 5,911 कोटींचा ठरला, त्यात केंद्राचा वाटा 3,700 कोटी. पण हा पैसा देशभरासाठी आणि त्याचा मुख्य भर प्रशिक्षणावर.

राज्याने 2018 मध्ये बाळासाहेब ठाकरे स्मृती मातोश्री ग्रामपंचायत बांधणी योजना आणली, तेव्हा स्वतःची इमारत नसलेल्या ग्रामपंचायती चार हजारांच्या वर होत्या. म्हणजे पंचायत राज स्थिरावून अर्धशतक उलटल्यावरही सातातल्या एका पंचायतीला छप्पर नव्हते. सुरुवातीच्या नियमांनुसार हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावाला 12 लाखांची इमारत, त्यातला 90 टक्के खर्च सरकारचा. हजार ते दोन हजार वस्तीला 18 लाख, त्यातला 85 टक्के सरकारचा. दोन हजारांवरच्या गावांनी खासगी भागीदारीतून बांधावे असे सांगितले गेले. पुढे बांधकामाचे दर वाढल्यावर या मर्यादा वाढवाव्या लागल्या.

योजना आवश्यक होती आणि तिने बरेच काम केले. तरी दोन गोष्टी मला खटकतात. पहिली, स्वहिश्श्याची अट. 12 लाखांचे 10 टक्के म्हणजे 1 लाख 20 हजार. जुन्या, बाजारपेठ असलेल्या गावाला हा आकडा किरकोळ आहे. पण नुकत्याच वेगळ्या झालेल्या, शेतमजुरांच्या पाड्याच्या पंचायतीकडे घरपट्टीशिवाय उत्पन्नच नसते, आणि तिची घरपट्टी अजून नीट आकारलेलीही नसते. जुन्या ग्रामपंचायतीकडून शिल्लक रकमेचा वाटा मिळायचा असतो, त्यावर वाद चालू असतो. अशा पंचायतीने पहिल्या दोन वर्षांत लाखभर रुपये कुठून आणायचे? दुसरी गोष्ट भागीदारीची. खासगी विकासकाला परवडायचे तर दर्शनी भागात दुकानांचे गाळे हवेत. मग गाळे खाली, कचेरी वर. गुडघे धरून जिना चढणाऱ्या निराधार पेन्शनवाल्यांसाठी ही रचना अन्यायाची आहे. ज्या गावात गाळ्यांना मागणी नाही, तिथे निविदेला कोणी येतच नाही.

पैसा मंजूर झाला तरी वाट लांब असते. बांधकाम उपविभागाचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. मधल्या काळात दरसूची बदलली की सुधारित मान्यता. निधी बीम्स या निधीवाटपाच्या संगणकीय प्रणालीवर येतो तो बहुतेकदा मार्चअखेरीस, आणि खर्च करायला दिवस उरत नाहीत. जिल्हा परिषदेचा एकच शाखा अभियंता पंचवीस-तीस गावांची कामे पाहत असतो. नव्या पंचायतीत पाठपुरावा करणारा अनुभवी माणूस नसल्याने तिची फाइल हमखास मागे पडते.

त्याहून अवघड प्रश्न जमिनीचा. निधी आहे पण जागा नाही, म्हणून परत गेलेले पैसे हा ग्रामीण कारभारातला नेहमीचा अनुभव आहे. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांविरुद्ध कडक भूमिका घेतली आणि त्यानंतर राज्यानेही गायरान जमिनींच्या वाटपावर निर्बंध आणले. ते योग्यच झाले. सार्वजनिक कामाला आजही गायरान देता येते, पण तो प्रस्ताव ग्रामपंचायतीपासून तहसील, प्रांत, जिल्हाधिकारी असा चढत जातो. डोंगरी पाड्यांत तर गायरानही नसते, सभोवती जंगल असते. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन काही सार्वजनिक सुविधांना मिळू शकते. त्या 13 सुविधांच्या यादीत शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, रस्ते आहेत, सामुदायिक केंद्रही आहे. पंचायतीचे कार्यालय नाही. ज्या कायद्याने ग्रामसभेला जंगलाच्या व्यवस्थापनाचा हक्क दिला, त्याच कायद्यात तिच्या कचेरीला जागा सापडत नाही. मग 'सामुदायिक केंद्र' या नावाखाली प्रस्ताव बसवायचा, आणि तो मान्य होणे वन अधिकाऱ्याच्या समजुतीवर. संसदेने एका शब्दाची दुरुस्ती केली तरी गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतचे पाडे मोकळे होतील.

ग्रामपंचायतीत प्रश्न मुख्यतः कचेरीचा असतो. नगरपंचायत झाली की तो पूर्ण गावाचा होतो. 74व्या घटनादुरुस्तीने ग्रामीण भागातून नागरी भागात संक्रमण करणाऱ्या वस्तीसाठी नगरपंचायत ही संस्था दिली. महाराष्ट्रात त्यासाठी 1965 च्या नगरपरिषद कायद्यात कलम 341-अ आहे; 10 ते 25 हजार लोकसंख्या आणि बिगरशेती रोजगाराचे किमान प्रमाण हे त्याचे निकष. 2014-15 मध्ये सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या सर्व ग्रामपंचायतींना नगरपंचायत करण्याचा निर्णय घेतला, आणि शंभराहून अधिक गावे थोड्याच काळात नागरी झाली. त्यांत काही खरोखर शहरे होती. काही मात्र तहसील कचेरी आणि आठवडी बाजार सोडला तर मोठी खेडीच होती.

नगरपंचायत झाल्या दिवसापासून काय बदलते ते नीट समजून घेतले पाहिजे. ग्रामीण पाणीयोजना माणशी 40 लिटर, जलजीवन मिशनमध्ये 55 लिटर धरून आखलेल्या. शहरी मापदंड भुयारी गटार नसेल तर 70 आणि असेल तर 135 लिटर. टाकी तीच, नळ तेच, विहीर तीच, अपेक्षा दुप्पट. घनकचरा नियमांप्रमाणे वर्गीकरण, घंटागाडी, प्रक्रिया आणि जागा हवी. अग्निशमन हवे. विकास आराखडा हवा आणि बांधकाम परवानगी द्यायला नगररचनाकार हवा. दुसऱ्या बाजूला ग्रामीण घरकुल योजनेची यादी बंद होते, जिल्हा परिषदेच्या योजना थांबतात. जुन्या ग्रामपंचायतीचे शिपाई आणि पाणीपुरवठा कर्मचारी नव्या आकृतिबंधात बसतील की नाही, या टांगणीवर वर्षे काढतात. मुख्याधिकारी शेजारच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार सांभाळत आठवड्यातून दोन दिवस येतो. नगरविकास खात्याने नवनिर्मित संस्थांसाठी सहाय्य ठेवले आहे, नगरोत्थान अभियान आहे, 2021 च्या अमृत 2.0 ने पाणीपुरवठ्यासाठी सर्व शहरांचा समावेश केला. पण यांतल्या प्रत्येकासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो, आणि तो करायला माणूसच नसतो. अहवाल मग सल्लागार कंपन्या करतात. कागदावर तो बिनचूक असतो. गावाचा उतार कुठे, पाणी कुठे तुंबते, हे त्यात सापडेलच असे नाही.

म्हणून क्रमाविषयी मी आग्रहाने सांगेन: नव्या संस्थेला पहिल्या वर्षी इमारतीआधी माणसे हवीत. एक पूर्णवेळ मुख्याधिकारी, एक अभियंता, एक लेखापाल आणि कर निर्धारण करणारा. ही चार माणसे भाड्याच्या चार खोल्यांतून कारभार उभा करू शकतात. देखणी इमारत रिकाम्या खुर्च्यांसह उभी राहिली, तर तिच्या विजेचे बिल भरण्यापुरतीही वसुली होत नाही. पथदिवे आणि पाणीयोजनांच्या थकीत बिलांसाठी वित्त आयोगाचा निधी वळवायची वेळ राज्यातल्या स्थानिक संस्थांवर आलेलीच आहे. बांधायला निधी असतो, चालवायला नसतो, ही आपल्या सगळ्या योजनांची खोल उणीव आहे.

15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी ग्रामीण स्थानिक संस्थांना 2 लाख 36 हजार 805 कोटी आणि शहरी संस्थांना 1 लाख 21 हजार 55 कोटी सुचवले. ही मोठी आणि स्वागतार्ह रक्कम होती. पण ग्रामीण अनुदानातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, आणि उरलेले पगार व आस्थापनेवर खर्चता येत नव्हते. अनुदानासाठी निवडून आलेली संस्था हवी, ही अटही होती. महाराष्ट्रात ओबीसी आरक्षणाच्या वादात 2022 पासून निवडणुका रखडल्या, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि नगरपरिषदांवर प्रशासक बसले. पैसा अडला तो जुन्यांचाही आणि नव्यांचाही. फक्त जुन्यांकडे काही शिल्लक होती. त्याच आयोगाने आठ नव्या शहरांच्या उभारणीसाठी प्रत्येकी 1,000 कोटी सुचवले होते. अजून नसलेल्या शहरासाठी एवढा विचार होतो; आधीच वसलेल्या, नागरी दर्जा मिळून पाण्यासाठी ताटकळणाऱ्या शेकडो गावांसाठी असा स्वतंत्र घटक का नसावा?

हद्दी वारंवार बदलल्या की काय होते, ते पुण्याच्या पूर्वेला दिसते. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे 2017 मध्ये पुणे महापालिकेत गेली. मिळकतकर शहराच्या दराने आला, पाणी आणि रस्ते मात्र त्या गतीने आले नाहीत. रहिवाशांनी बाहेर पडण्याची मागणी केली आणि 2024 मध्ये या दोन गावांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. सात वर्षांत ग्रामपंचायत, महापालिका, नगरपरिषद असे तीन कारभार. प्रत्येक वेळी दप्तर हलले, मालमत्तांच्या याद्या हलल्या, अर्धवट कामांचे ठेकेदार कोणाकडे बिल मागणार हा प्रश्न उभा राहिला. पनवेल महापालिका 2016 मध्ये झाली तेव्हा खारघर, कामोठे, कळंबोली या सिडकोच्या वसाहती तिच्यात आल्या. सेवा सिडकोकडून टप्प्याटप्प्याने हस्तांतरित होत राहिल्या, आणि मागील तारखेपासूनच्या करआकारणीवरून रहिवाशांचा तीव्र विरोध झाला. दोन्ही ठिकाणी गाठ एकच आहे. सुविधा कोण देणार आणि कर कोण घेणार, हे हस्तांतराच्या दिवशी लिहून ठेवलेले नव्हते.

बाहेर पाहिले तर काही उपयोगी अनुभव मिळतात. तेलंगणाने 2018 च्या कायद्याने तांडे आणि वाड्यांच्या 4,383 नव्या ग्रामपंचायती एका झटक्यात केल्या. लंबाडा आणि आदिवासी वस्त्यांना स्वतःचा सरपंच मिळाला, हे फार मोठे पाऊल होते. इमारती मात्र वर्षानुवर्षे मागे राहिल्या. त्याच राज्याने नव्या जिल्ह्यांसाठी एकत्रित जिल्हाधिकारी संकुले तुलनेने लवकर बांधली. वरच्या पायरीला झुकते माप देण्याची सवय तिथेही सुटलेली नाही. नेपाळने 2017 मध्ये तीन हजारांवर जुन्या गाव समित्या मोडून 753 स्थानिक संस्था केल्या. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: जुन्या समित्यांच्या इमारती प्रभाग कार्यालये म्हणून वापरल्या, त्यामुळे माणसाच्या जवळची कचेरी बंद पडली नाही. पण पालिकेचे केंद्र कोणत्या गावात, यावरून कित्येक ठिकाणी आंदोलने झाली आणि मुख्य इमारती रखडल्या.

मला सर्वात शिकण्यासारखे वाटते ते केनियाचे. 2010 च्या घटनेनंतर 2013 मध्ये तिथे 47 काउंटी सरकारे आली. बहुतेकांना जुन्या नगर-जिल्हा परिषदांच्या इमारती वारशाने मिळाल्या. इसिओलो, लामू, न्यांदारुआ, ताना रिव्हर आणि थाराका निथी या पाच काउंटींकडे योग्य मुख्यालय नव्हते. राष्ट्रीय सरकारने फक्त या पाचांसाठी सशर्त अनुदान ठेवले; खर्चाचा 70 टक्के भार केंद्राचा, 30 टक्के काउंटीचा. कामे तिथेही रेंगाळली, हप्ते उशिरा गेले. तरीही आधी कोणाकडे काय आहे याची नोंद घेणे आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाच वेगळे पैसे देणे, ही पद्धत सरसकट योजनेपेक्षा न्याय्य आहे.

आपल्याकडे हे करायला नवा कायदा लागत नाही. प्रारूप अधिसूचनेला हरकती मागवतो, तेव्हाच तिला एक परिशिष्ट जोडता येईल: कचेरीसाठी निवडलेल्या जागेचा गट क्रमांक, जुन्या संस्थेच्या इमारती, वाहने, ठेवी आणि देण्यांची वाटणी, मंजूर पदे, आणि पहिल्या तीन वर्षांचे आस्थापना अनुदान कोणत्या लेखाशीर्षातून. आदिवासी आणि पहिल्यांदाच वेगळ्या झालेल्या पंचायतींना स्वहिस्सा माफ असावा. जागेचा ताबा जिल्हाधिकाऱ्यांनी दिल्याशिवाय अंतिम अधिसूचना निघू नये. असे केले तर काही मागण्या लांबणीवर पडतील आणि त्यावर नाराजी होईल. ती नाराजी मी पत्करण्याजोगी मानतो, कारण आज तीच नाराजी निवडून आलेल्या पहिल्या सरपंचाच्या वाट्याला येते आणि तिच्या किंवा त्याच्या हातात काहीच नसते.

यासाठी आत्ताचा काळ नेमका सोयीचा आहे. 2027 च्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025 पासून गोठवल्या आहेत. गणनेचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027. आज बहुतेक अनुदाने 2011 च्या लोकसंख्येवर वाटली जातात, त्यामुळे त्यानंतर वाढलेल्या गावांचा हिशेबच चुकतो. नवे आकडे आले की 10 हजारांची पायरी ओलांडलेल्या गावांचे आणि वेगळे होऊ पाहणाऱ्या वाड्यांचे प्रस्ताव ग्रामविकास आणि नगरविकास खात्यांकडे एकदम येतील. हद्दी खुल्या होण्याआधी त्या परिशिष्टाचा नमुना ठरवून शासन निर्णय काढता येईल. जिल्हा परिषदांनी आपापल्या तालुक्यांतल्या बिनइमारतीच्या पंचायतींची आणि उपलब्ध जागांची यादी त्याआधीच तयार ठेवावी. ते काम तलाठी आणि ग्रामसेवक एकत्र बसले तर एका उन्हाळ्यात होण्यासारखे आहे.